नावं वाचणारा

मोलेफीने तो कागद चुरगाळला, चुलीचं झाकण उचललं आणि धुमसत्या गोवऱ्यांवर टाकून दिला. टेबलापलीकडे बसलेल्या न्ताते लेबोनाचा चहाचा कप तोंडापाशी जाता जाता थांबला.

"मोरुती, दोन दिवस खपून लिहिलं होतं मी ते."

"दिसलं मला. अक्षरावरून दिसलं."

"मग वावगं काय होतं त्यात?"

"'कळपाचा प्रेमळ मेंढपाळ.' हे वावगं होतं. रविवारी काय बोलायचं ते माझं मी ठरवीन."

लेबोनाने कप खाली ठेवला. तो चर्चच्या मंडळीतला सगळ्यांत जुना वडील, म्हणजे पंच; सगळे त्याला न्ताते, बाबा, म्हणत. चार पाळक त्याने येताना पाहिले होते आणि तीन जाताना. पहाडात वारा आणि पाळक टिकत नाहीत, असं तो उघडपणे म्हणायचा. मोरुती, म्हणजे पाळक, अशी मानाने हाक मारून चौथ्याच्या, मोलेफीच्या, तोंडावरही म्हणायचा.

"मोहापीची पन्नास वर्षांची पाळकी म्हणजे खायचं काम नव्हे," तो शांतपणे म्हणाला. "राजधानीहून, थेट मासेरूहून मोठे पाळक येताहेत. वस्तीनं त्याच्या सोहळ्यासाठी बैल काढलाय. म्हातारा मोहापी पुढच्या हिवाळ्यापर्यंत राहील न राहील. तुम्ही तरुण आहात. चुलीला असतं तसं रागालाही झाकण असावं माणसाच्या."

लेबोनाने कोटाच्या खिशातून दुसरा, चौकोनी घडी घातलेला कागद काढला आणि त्याच्यापुढे सरकवला.

"ही या तिमाहीची यादी. आधीच वाचून टाका, म्हणजे पुढे सोहळा मोकळा."

मोलेफीने तो कागद न उघडता बायबलमध्ये ठेवला. दर तीन महिन्यांनी ठेवायचा तसाच.

लेबोना गेल्यावर तो बराच वेळ खिडकीशी उभा राहिला. समोरच्या उतारावर, चर्चच्या खाली, मोरुती मोहापीचं गोल छपराचं घर दिसत होतं. भिंतीला पाठ लावून, करडं ब्लँकेट पांघरून म्हातारा उन्हात बसला होता. रोज बसायचा. रोज मोलेफी दात आवळून त्याच्याकडे पाहायचा.

बावीस वर्षांपूर्वी मोहापी खालच्या खोऱ्यात, मोलेफीच्या गावी पाळक होता. मोलेफीचा बाप जोहान्सबर्गच्या खाणीत गेला तो परत आलाच नाही. घरात तीन तोंडं. आईने ज्वारी भिजवली, मोड आणले, आंबवली आणि दारासमोर काठीला पांढरं फडकं बांधलं. फडकं दिसलं की वाटसरूंना कळायचं, इथे जोआला मिळते. ती ताजी, आंबूस बिअर विकून घर चाललं. मग एका रविवारी मोहापीने व्यासपीठावरून खणखणीत आवाजात वाचलं: "मामोलेफी. जोआला विकते. आजपासून मंडळीबाहेर." नऊ वर्षांचा मोलेफी तिच्या शेजारी होता, धाकटी लिनेओ तिच्या पाठीवर बांधलेली. आई उठली. चर्चच्या दारापर्यंत तिच्या पावलांखेरीज कुठलाच आवाज नव्हता.

शिस्तीखालच्या, म्हणजे मंडळीबाहेर काढलेल्या, बाईच्या लेकराला बाप्तिस्मा नाही. जुलैत, तिकडच्या ऐन हिवाळ्यात, बर्फ पडलं, त्यात लिनेओ खोकल्याने गेली. सात महिन्यांची होती. घंटा वाजली नाही. मामाने आणि मोलेफीने गोठलेली जमीन कुदळीने फोडून तिला चर्चच्या कुंपणाबाहेर पुरलं. आई मोहापीच्या दाराशी गेली होती. त्याने दार उघडून नियम सांगितला आणि दार लावून घेतलं.

त्याच जोआलाच्या पैशावर मोलेफी शिकला आणि पाळक झाला. का झाला, असं कुणी विचारलं की तो देवाने बोलावल्याचं सांगायचा. ते खोटं नव्हतं. पण जिथून नावं वाचली जातात तिथे एकदा उभं राहायचंच, ही जिद्द त्या बोलावण्याच्या किती आधीची होती हे फक्त त्याला माहीत होतं. पहाडातली मंडळी रिकामी झाली, मोहापी शेवटची पाळकी तिथे करून, निवृत्त होऊन तिथेच राहतो हे कळलं, तेव्हा त्याने मासेरूला अर्ज करून हीच मंडळी मागून घेतली.

आल्या आल्या तिसऱ्या दिवशी तो मोहापीच्या घरी गेला होता. वर्षानुवर्षं घोकलेलं सगळं त्याने उभ्याउभ्या बोलून टाकलं. गावाचं नाव, आईचं नाव, बर्फ, कुदळ. म्हातारा लक्षपूर्वक ऐकत होता. शेवटी त्याने मोलेफीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"जेवलास का, पोरा?"

म्हाताऱ्याची बायको मातुमेलो, सगळ्यांची म्मे म्हणजे आई, तेवढ्यात बाहेरून येऊन दारात उभी राहिली होती. तिने डोकं हलवलं. "तीन वर्षं झाली, मोरुती. त्याला काही म्हणजे काही आठवत नाही."

तेव्हापासून मोलेफीचा राग जागच्या जागी फिरत होता. प्रार्थनेत 'आमच्या अपराध्यांना आम्ही क्षमा केली' ही ओळ आली की तो खोकायचा. मंडळी ओळ पुरी करायची आणि तो पुढच्या ओळीला त्यांना गाठायचा. कधी कधी रिकाम्या चर्चमध्ये तो देवाशी भांडायचा: त्याला विसरायला लावलंस, मग मला का नाही? आणि आता तर त्याच माणसाचं गुणगान करायला त्याला उभं करत होते. चांगलंच झालं, असं त्याने मनाशी म्हटलं. मोहापीला आठवत नसेल, पण तीनशे माणसांना ऐकू तर येईल. त्याने आईला निरोप धाडला: रविवारी ये, पहिल्या बाकावर बस. कशासाठी ते सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी मामोलेफी मिनीबसमधून उतरली. एका हातात मक्याच्या पिठाची पिशवी, दुसऱ्या हातात काठी. घरात येताच तिने चूल पाहिली, राख पाहिली, लेकाकडे पाहिलं.

"वाळलायस."

"तू बस आधी."

"बसते. पहिल्या बाकावर कशाला बसवतोयस मला? माझी शिक्षा कुणी उठवली?"

ती शिक्षा कुणीच उठवली नव्हती. उठवायचं कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. कागदोपत्री त्याची आई अजून मंडळीबाहेरच होती.

"उद्या कळेल तुला," तो म्हणाला.

तिने मक्याच्या पिठाचा पापा, घट्ट लापशीसारखा, शिजवला, पालेभाजी परतली. दोघं जेवली. मग काठी घेऊन ती उठली. "चल. मला त्याला बघायचंय."

मोहापी उन्हात होता. म्मे मातुमेलोने स्टूल आणून दिलं. इतक्या वर्षांनी तिने पाहुणीला ओळखलं नाही. नव्या मोरुतींची आई एवढंच समजून तिचं कौतुकाने स्वागत केलं आणि चहा ठेवायला आत गेली. मामोलेफी म्हाताऱ्याच्या अगदी समोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. तिने त्याचा चेहरा पाहिला, बारीक झालेलं मनगट पाहिलं, बोटांची स्वच्छ कापलेली नखं पाहिली.

"ओळखलंत का, मोरुती?"

तो गोड हसला. मग त्याने नाक पुढे केलं आणि तिच्या ब्लँकेटचा वास घेतला. एकदा, दोनदा. त्याचे डोळे चमकले.

"जोआला," तो म्हणाला. "तू जोआला करतेस."

"करते."

"माझी आई करायची." त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "सगळी वस्ती यायची. मी फडकं बांधायचो काठीला. आमचं घर त्याच्यावरच चालायचं."

मामोलेफी हलली नाही. मोलेफी मागे उभा होता; त्याला तिची पाठ ताठ होताना दिसली.

"आणि मग?" तिने विचारलं.

"मग मी पाळक झालो," म्हातारा म्हणाला आणि पुन्हा हसला, जणू सगळ्या गोष्टीचा शेवट चांगलाच झाला होता.

चहा येईपर्यंत ती थांबली नाही. आतून बाहेर येणाऱ्या मातुमेलोला तिने दारातच विचारलं, "झोप लागते का हो त्यांना?"

"लागते ना. लेकरासारखी."

"नशीब," मामोलेफी म्हणाली. "मला नाही लागत."

चढावर तिची काठी दगडांवर आपटत होती. मध्ये एकदा थांबून ती म्हणाली, "विसरायचीसुद्धा त्यालाच मुभा मिळाली."

घरी आल्यावर ती टेबल आवरायला लागली. हात रागात असले की तिला काम लागायचं. तिने कप उचलले, फडकं मारलं, बायबल उचललं, तसा त्यातला चौकोनी कागद खाली पडला. तिने तो उघडला. तिचं वाचन हळू चालायचं, बोट ओळीखाली सरकवत.

"'मालिसेबो, हा फेको गाव. जोआला. सुधारणा नाही. तिसऱ्यांदा.'" तिने बोट खाली नेलं. "'त्सेपांग, न्ताते लेखुलेची मुलगी. लग्नाविना गरोदर.' हे काय आहे?"

"यादी."

"ते दिसतंय. वाचतं कोण ही?"

मोलेफीने चुलीत गोवरी सारली.

"मी विचारते, वाचतं कोण?"

"मंडळीचा नियम आहे, आई. मला येऊन चौदा महिने झालेत. आल्या आल्या सगळं मोडायला गेलो तर... आधी लोकांचा विश्वास बसायला हवा. मग हळूहळू..."

"मोठ्यानं वाचतोस की हळू?"

"काय?"

"नावं. मोहापी मोठ्यानं वाचायचा. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जायचं."

"हळू," तो म्हणाला. "मान खाली घालून."

"हळू." तिने कागदाची घडी जशी होती तशी घातली. "म्हणजे तुला लाज वाटते. त्याला वाटत नव्हती. एवढाच फरक."

मोलेफीचा तोल गेला. त्याने हातातला चिमटा जमिनीवर आपटला. मी तसा नाही, तो ओरडला. उद्या मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. त्याच्या तोंडावर, मासेरूच्या साहेबांच्या तोंडावर. तुझं कसं नाव वाचलं, तू कशी उठून गेलीस, लिनेओला कुठे पुरलं. या वस्तीला कळू दे कुणासाठी बैल कापला ते! त्याच्यासाठीच मी पाळक झालो, त्याच्यासाठीच या दगडांत येऊन पडलो, आणि तू मला त्याच्या पंगतीला बसवतेस?

ती त्याचं संपेपर्यंत थांबली.

"माझं नाव घेणार?"

"घेणार."

"कुठून?"

त्याने पडलेला चिमटा उचलला.

"व्यासपीठावरून," तिनेच म्हटलं. "भर मंडळीत. मला न विचारता. एकदा झालंय ते, मोलेफी. दुसऱ्यांदा मी होऊ देणार नाही, वाचणारा माझ्या पोटचा असला तरी. आणि लिनेओ माझी आहे. तिच्यावर उपदेश करायचा नाही."

"मग मी हा राग ठेवू कुठे?"

"मला काय विचारतोस? माझा मी ठेवलाय की बावीस वर्षं. ज्वारीबरोबर तोही उकळला रोज. त्याला क्षमा केलेली नाही मी, करणारही नाही बहुतेक. आता तर मागायलाही तो ठिकाणावर नाही. पण तो राग माझा आहे. तुला कुणी दिला मिरवायला? तू तुझा बघ." तिने यादी टेबलावर त्याच्या बाजूला सरकवली. "तुझं काम इथं आहे."

रविवारी चर्च भरून वाहत होतं. मोहापीला नवं ब्लँकेट पांघरून पुढे बसवलं होतं. मासेरूचे मोठे पाळक त्याच्या शेजारी होते. मामोलेफी आत आलीच नाही. शिक्षा उठलेली नाही, असं दाराशी सांगून ती बाहेर भिंतीपाशी उन्हात उभी राहिली. क्षमेच्या ओळीला मोलेफी खोकला. मग व्यासपीठावर चढला. मोहापीविरुद्ध त्याने लिहिलेली सात पानं घरी चुलीत गेली होती, लेबोनाच्या कागदाच्या मागोमाग.

"मोरुती मोहापींनी या पहाडात किती लेकरांना बाप्तिस्मा दिला ते तुम्हाला माहीत आहे," तो म्हणाला. "ज्यांना दिला नाही, त्यांची नावं आपण कुणी लिहून ठेवली नाहीत. आपण दुसऱ्याच याद्या लिहीत बसलो. अशी एक यादी आज माझ्याकडे आहे. याआधीच्या मी वाचल्या. ही वाचणार नाही. यापुढेही नाही."

मग त्याने म्हाताऱ्यासाठी छोटी प्रार्थना केली. त्याला ऊन मिळो, जेवण मिळो, झोप मिळो, एवढीच.

बायकांच्या बाजूला कुजबुज उठली. लेबोना आपल्या जागी उभा राहिला आणि गीत सुरू होईपर्यंत तसाच उभा होता. जेवणाच्या वेळी मोठ्या पाळकांनी मोलेफीला बैलाच्या मांसाच्या धुरात बाजूला घेतलं. जुलैत मासेरूला चौकशी होईल, पाळकी राहील याची खात्री देता येत नाही, असं त्यांनी सौम्य शब्दांत सांगितलं. "तुमच्या बोलण्यात फार राग आहे," ते म्हणाले. "हो," मोलेफी म्हणाला. मोहापी एका कोपऱ्यात बोटं चाटत जेवत होता.

सोमवारी त्याने आईला मिनीबसपर्यंत पोचवलं.

"त्या मालिसेबोकडे गेलास का?"

"जाईन."

"हे असले कपडे घालून जाऊ नकोस." ती पायरी चढली, मग वळली. "नाही, घालूनच जा. कुणावर चिडायचं ते तिला लांबून दिसू दे."

मंगळवारी तो गळ्यात पांढरी पट्टी बांधून, काळा कोट घालून हा फेको गावाची चढण चढला. दोन तासांची वाट. फडकं बऱ्याच लांबून दिसत होतं. अंगणात चार गडी भांडी घेऊन बसले होते. काळा कोट दिसताच त्यांनी भांडी ब्लँकेटांखाली घेतली आणि एकेक जण मागच्या बाजूने निघून गेला. मालिसेबो ओगराळं हातात घेऊन बाहेर आली. तिशीची असेल. तिला त्याने आजवर कधी नीट पाहिलंच नव्हतं. दोनदा फक्त तिचं नाव वाचलं होतं.

"घालवलंत गिऱ्हाईक? आता काय, रांजण मोजणार?"

"नाही."

"मग तिसऱ्यांदा वाचलंत ते सांगायला आलात?"

"वाचलं नाही. यापुढे वाचणार नाही. तुमचं नाही, कुणाचंच नाही. ते सांगायला आलो, आणि..."

"वा! उपकार झाले!" तिने ओगराळं रांजणात फेकलं. "ऐका मोरुती, आलाच आहात तर. पहिल्यांदा वाचलंत तेव्हा माझी पोर गाणाऱ्यांत पुढे उभी होती. पुढच्या रविवारी तिला मागे उभी केली, त्याच्या पुढच्या रविवारी ती जायचीच थांबली. अजून गात नाही. घरातसुद्धा नाही. माझा बाप गेला. सत्तर वर्षं तुमच्या मंडळीत होता तो, पण माझ्या दारातून शवपेटी निघणार म्हणून तुम्ही घंटा वाजवली नाहीत. तुम्ही! लेबोनानं नको म्हटलं म्हणून? हात तुमचेच होते ना?"

"माझेच होते."

"आणि वाचलंत कसं? पुटपुटून! अर्ध्या लोकांना ऐकूच आलं नाही. मग बाहेर पडल्यावर जो तो विचारतोय, कोण गं? कोणाचं नाव घेतलं? आठ दिवस माझं नाव दारोदार फिरत होतं. मोठ्यानं वाचलं असतंत तर एकदाच मेले असते मी!"

माझी आईसुद्धा, हे शब्द त्याच्या जिभेवर आले. ते बोललं की हिचा आवाज खाली येईल हे त्याला कळत होतं. कदाचित ती स्टूलही देईल. त्याने ते गिळले. टोपी काढली आणि दोन्ही हातांत धरली.

ती बोलत राहिली. ऊन भिंतीवरून अंगणात उतरलं. तिने पोरीचं सांगितलं, सासूने दार लावून घेतल्याचं सांगितलं, पाणवठ्यावर बायका कशा बाजूला सरकतात ते सांगितलं. काही गोष्टी दोनदा सांगितल्या. शेवटी तिचा श्वास संपला. ती चुलीपाशी वाकली आणि गोवऱ्या उगाचच मागे-पुढे करू लागली. मोलेफीने टोपी डोक्यावर ठेवली आणि वाटेकडे वळला.

"कुठे निघालात?"

तो थांबला. तिने एक रिकामं पिंप उलटं करून त्याच्याकडे ढकललं.

"बसा. माझं अजून संपलेलं नाही."